मानाची बंदूक

आमच्या सासऱ्यांना देवानं सगळं दिलं, फक्त ‘नको’ हा शब्द द्यायचा राहून गेला. कोणी काही मागायला आलं की तात्या आधी ‘घेऊन जा’ म्हणतात आणि मग काय पाहिजे ते विचारतात. त्यामुळे कर्जत-जामखेड रस्त्याच्या माळावर मालिकेचं शूटिंग आलंय हे कळलं, तेव्हाच मी घरातली भांडी मोजून ठेवली. आता आपल्या घरातून काय काय जाणार, एवढाच प्रश्न होता.

मालिका एका परक्या मुलखातल्या हुकूमशहाची होती, शंभरेक वर्षांपूर्वीची. त्यांना एकही झाड नसलेला माळ हवा होता. तो आमच्याकडे लागेल तेवढा आहे, आजवर कोणाला नको होता एवढंच. त्यांनी तिथे एक लांबलचक भिंत उभी केली, कमान केली, आणि गावातल्या बाप्यांना फाटके कोट घालून बंडखोर केलं. माझा नवरा सुनीलही बंडखोर झाला. घरात कधी मान वर करून बोलला नाही, तिकडे बंड करायला निघाला!

हुकूमशहाच्या शिपायांच्या बंदुका मुंबईहून पेट्यांतून आल्या होत्या. पण बंडखोर पडले शेतकरी. त्यांच्या हातात शेतकऱ्यांच्याच जुन्या बंदुका हव्यात, असं दिशाचं म्हणणं. दिशा ही पुण्याची मुलगी, सेटवरच्या सगळ्या वस्तू तिच्या ताब्यात. तिनं गावात सुतार विचारला आणि लोकांनी दानीएलभाऊंचं घर दाखवलं.

दानीएलभाऊ आमचे शेजारी. सहा फूट उंच, गोरेपान, भरघोस मिशा. हाताला अशी कला की त्यांनी केलेला पाट उलटा ठेवला तरी सुबक दिसतो. ते म्हणाले, ‘‘बनवतो, पन नमुना पायजे. चित्र बघून बंदूक व्हत न्हाई.’’

नमुना कुठे होता, हे सांगायला नकोच. तात्यांची एकनळी बंदूक त्यांच्या वडिलांपासूनची, लायसनची. रानडुकरं मक्यात घुसली की तात्या ती खांद्याला टाकून बांधावर जाऊन बसतात आणि झोपतात. तात्यांनी हो म्हटलं, पण एक अट घातली. लायसनचं हत्यार आहे, ते दुसऱ्याच्या हातून आपलं अंगण ओलांडणार नाही. नकला करायच्या तर आमच्या पडवीत बसून करायच्या.

मग पंधरवडाभर आमच्या पडवीत भुसा उडत होता. दानीएलभाऊंनी सागाचे दस्ते केले, सुपे गावच्या भंगारातून लोखंडी नळ्या आणून बसवल्या. मी म्हटलं, ‘‘भाऊ, खोट्याच तर हायत, कशाला एवढ्या जड करता?’’

‘‘वहिनी, हाताला वजन लागलं तरच मानूस बंदूक धरल्यासारखी धरतो. न्हाईतर झाडूवानी धरंल.’’

शेवटी त्यांनी चहाचं कडक पाणी करून सगळ्या बंदुकांना पाजलं, धुरावर धरल्या, आणि त्या अशा जुन्या झाल्या की तात्यांचीच त्यांच्यात नवी वाटायला लागली. कारण तात्या दर सणाला तिला खोबरेल लावतात.

आणि नेमकी खंडेनवमी आली. युनिटला त्या दिवशी सुट्टी होती. बंदुका दसऱ्याला सकाळी टेम्पो येऊन नेणार होता. तात्यांनी पडवीत घोंगडी अंथरली आणि कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ मांडायला घेतला. मग त्यांचं लक्ष भिंतीला टेकलेल्या बंदुकांकडे गेलं.

‘‘ह्यांचीबी पूजा करू.’’

‘‘तात्या, त्या लाकडाच्या हायत,’’ मी म्हटलं.

‘‘मग? गाडीला हार घालतो ती काय तलवार हाय? ज्याच्यावर मानसाचं पोट हाय त्ये हत्यार. दानीएलचं पोट हाय ह्यांच्यावर.’’

दानीएलभाऊ देवळात जात नाहीत, रविवारी चर्चला जातात, पण आमच्या पुरणपोळीला कधी नाही म्हणत नाहीत. तेही हात जोडून बाजूला उभे राहिले. तात्यांनी स्वतःची बंदूक मानाची म्हणून सगळ्यांच्या आधी मांडली, तिच्या शेजारी दानीएलभाऊंच्या बंदुका ओळीनं. सगळ्यांना हळदीकुंकू, सगळ्यांवर झेंडूच्या माळा. आमच्याकडे पुजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत कोणी हलवत नाही. तशीच ती ओळ रात्रभर राहिली.

दसऱ्याला सुनील पहाटेच कोट चढवायला सेटवर गेला. दानीएलभाऊही गेले, कारण त्यांची उंची आणि मिशा बघून दिग्दर्शकानं त्यांना हुकूमशहाच करून टाकलं होतं. खरा नट मुंबईला गेलेला. लांबून घ्यायचा प्रसंग होता, भिंतीसमोर उभं राहायचं, बंडखोरांनी गोळ्या घालायच्या, पडायचं. दानीएलभाऊ आठ दिवस आमच्या अंगणात पडायचा सराव करत होते. तात्या आपट्याची पानं आणायला बाहेर पडले होते. मी चुलीपुढे पुरण वाटत होते. टेम्पो आला, माणसांनी विचारलं, मी आतूनच ओरडले, ‘‘पडवीत हायत, न्या!’’ टेम्पो गेला.

पोळ्यांचा निम्मा ढीग झाल्यावर मी पडवी आवरायला गेले. घोंगडीवर एकच बंदूक उरलेली. तात्यांची ठेवून गेली बिचारी पोरं, असं मनात म्हणत मी ती उचलली आणि कुंकू पुसायला फडकं फिरवलं. फडक्याला चहाचा रंग आला.

मी खाली बसले. घोंगडीचं कुठलं टोक रिकामं आहे ते पाहिलं. माणसं मानाच्या टोकापासून उचलत गेली होती, आणि त्यांचा आकडा भरल्यावर शेवटची एक ठेवून गेली होती.

इतक्यात तात्या पानांची डहाळी घेऊन आले. मी विचारलं, ‘‘तात्या, आपली बंदूक रिकामी हुती ना?’’

‘‘रिकामी कशी आसंल? देवापुढं रिकामं ताट ठिवतं का कुनी?’’ आणि मग माझ्या हातात काय आहे ते त्यांनी पाहिलं. त्यांच्या हातातली डहाळी पडली.

तात्यांच्या वडिलांची रीत होती, पूजेत बंदूक भरून ठेवायची आणि दसऱ्याला संध्याकाळी शिवेवर एक बार उडवायचा. वडील गेले, रीत राहिली. मला बार उडवायची गोष्ट माहीत होती, पण बंदूक आदल्या दिवसापासून भरलेली असते हे पंधरा वर्षं त्या घरात राहून माहीत नव्हतं. मी सुनीलला फोन लावला, बंद. दिशाला लावला, बंद. शूटिंग चालू असताना सगळ्यांचे फोन बंद करून ठेवतात, हे सुनीलनंच मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

मी चूल विझवली की नाही ते अजून आठवत नाही. स्कूटी काढली, मागे तात्या बसले, त्यांच्या हातात ती लाकडाची बंदूक तशीच. माझ्या डोक्यात एकच चित्र होतं. भिंतीसमोर दानीएलभाऊ उभे, आणि ती बंदूक नेमकी माझ्या नवऱ्याच्या हातात. तात्या मागून म्हणत होते, ‘‘देवा, दानीएलला काय हुऊ देऊ नको. माझी दोन वर्सं कमी कर.’’ मग थोड्या वेळानं, ‘‘पाच कर.’’

सेटच्या अलीकडे दोरी बांधलेली आणि दोरीपाशी एक दांडगा पहारेकरी. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. ‘‘शॉट चालू आहे. आवाज नाही.’’

‘‘अरे, खरी बंदूक गेलीय आत! भरलेली!’’

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्याचं लक्ष तात्यांकडे गेलं. मळकं धोतर, हातात जुनी बंदूक. ‘‘बाबा, उशीर केलात. बंडखोर तिकडं आहेत, जा लवकर. बाई, तुम्ही इथंच थांबा.’’

म्हणजे बंदूकवाल्याला सोडलं आणि मला अडवलं! तात्या गुडघे धरून माळावरून निघाले. त्यांच्यानं धड चालवत नाही, पळणार काय? लांबवर भिंत दिसत होती. भिंतीसमोर काळ्या डगल्यात दानीएलभाऊ, आणि त्यांच्यासमोर बंदुका रोखलेली रांग. मी स्वतःला समजावत होते, अजून आवाज आला नाही. लाकडाच्या बंदुका वाजत नाहीत, आवाज मागून मुंबईत भरतात. आवाज आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे.

आणि धाडकन आवाज झाला. दानीएलभाऊ गुडघ्यांवर आले आणि तोंडावर पडले.

मी दोरीखालून गेले, पहारेकऱ्याचा हात झिडकारला, तात्यांना मागे टाकलं. पदर कुठे, चप्पल कुठे, कशाचं भान नव्हतं. ‘‘दानीएलभाऊ! दानीएलभाऊ!’’ एवढंच ओरडत होते. ते मातीत पालथे पडलेले. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि त्यांचा खांदा धरून हंबरडा फोडला.

त्यांनी एक डोळा उघडला. मग दोन्ही. धडपडत उठून बसले आणि घाबरून म्हणाले, ‘‘काय झालं वहिनी? तात्या बरे हायत ना?’’

मी त्यांच्या डगल्याची बटणं ओढून बघत होते, कुठे काही लागलंय का. काही नव्हतं, नुसती धूळ. भिंतीमागून एक पोरगा सुतळी बॉम्बचं पाकीट घेऊन बाहेर आला. बंडखोरांनी दचकावं म्हणून दिग्दर्शकानं तो वाजवायला लावला होता. एवढा जीव हलका झाला की आता त्याच पोराच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं.

तोवर तात्या पोहोचले. काय झालंय ते त्यांनी धापा टाकत सांगितलं आणि सगळ्या रांगेचे चेहरे पांढरे पडले. बंदुका अलगद जमिनीवर ठेवल्या गेल्या. तात्यांनी एकेक हातात घेऊन नळी वाकवायचा खटका बघितला. एकही उघडली नाही. सगळ्या दानीएलभाऊंच्या होत्या.

‘‘एक मी सकाळीच बाजूला काढली होती,’’ दिशा म्हणाली. ‘‘बाकीच्या इतक्या छान जुन्या दिसतात. ती एकच चकाकत होती. अगदी खोटी वाटत होती.’’

तात्यांनी मान वर केली. अशा वेळीसुद्धा त्यांना ते लागलं. ‘‘खोटी?’’

बंदूक चहाच्या मांडवात सापडली. एक बांबू कमी पडला म्हणून कोणीतरी तिच्यावर ताडपत्रीचं टोक टेकवलं होतं. दस्ता मातीत, नळी आभाळाकडे, अजून झेंडूची माळ गळ्यात, आणि तिच्या बुडाशी किटली. तात्यांनी सगळ्यांना लांब केलं. बंदूक हळूच काढली, खटका दाबून नळी वाकवली. काडतूस त्यांच्या तळहातावर आलं. त्याच्या टोपीला कुंकवाचं बोट लागलेलं होतं.

तात्या दानीएलभाऊंसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘दानीएल, माज्या दोन थोबाडीत दे.’’

दानीएलभाऊंनी त्यांचे दोन्ही हात धरले. मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘‘पोळ्या झाल्या का वहिनी? मेल्यापासनं लई भूक लागलीय.’’

सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता माझा तोल सुटला. लग्न होऊन आल्यापासून तात्यांना मी कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी गावासमोर, युनिटसमोर, आडवी-उभी बोलले. देवाला भरलेली बंदूक कशाला लागते, देव काय डुकरं मारायला निघालाय, तुमच्या रीतीपायी आज एका घराचं छत्र गेलं असतं आणि दुसऱ्या घराचा माणूस तुरुंगात. सुनील मला आवरायला लागला तर त्याचाही समाचार घेतला. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी दम खायला थांबले, तेव्हा त्यांनी ते काडतूस माझ्या हातात ठेवलं.

‘‘बंदूक माझी, काडतूस तुझं. आजपासनं असंच.’’

त्या संध्याकाळी शिवेवर बार झाला नाही. माणसं वाट बघत होती. तात्या म्हणाले, ‘‘आवाज लई झाले आज,’’ आणि आपट्याचं पहिलं पान त्यांनी दानीएलभाऊंच्या हातात दिलं. आता डुकरं आली की ते आधी माझ्या दारावर थाप मारतात. मी कपाटाची किल्ली शोधेपर्यंत डुकरं बहुतेक मका खाऊन गेलेली असतात.

उन्हाळ्यात तो भाग टीव्हीवर लागला. दानीएलभाऊ बायकोला घेऊन आमच्याकडे बघायला आले. भिंत आली, रांग आली, सगळ्या बंदुका अशा खऱ्या दिसत होत्या की मी दानीएलभाऊंकडे कौतुकानं पाहिलं. मग आवाज झाला, आमच्या सुतळी बॉम्बपेक्षा कितीतरी मोठा, आणि हुकूमशहा पडला. धुळीतून डोक्यावरून पदर उडालेली एक बाई धावत आली आणि त्याच्याजवळ बसून, खांदा धरून रडायला लागली. लांबून ती त्याच मुलखातली वाटत होती. माझं रडणं त्यांनी ठेवून दिलं होतं!

‘‘घ्या,’’ सुनील म्हणाला. ‘‘एवढा जुलमी मानूस, पन त्याच्यासाठी रडायला कुनी आलं आसंल तर आमच्या घरातलं.’’

सगळे हसत होते. मी तात्यांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. त्यांची नजर टीव्हीवर होती, आणि एका हातानं त्यांनी शेजारी बसलेल्या दानीएलभाऊंचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

दानीएलभाऊंनी हात सोडवून घेतला नाही. हळूच म्हणाले, ‘‘तात्या, मी हितंच हाय.’’