दाब्या आणि अनवरीचं जिंजर

मी एक जुना दाब्या आहे, मित्रांनो. म्हणजे काचेच्या बाटलीवर पत्र्याचं झाकण दाबून बसवणारं हातयंत्र. आज अंगावर गंज आहे, दांडा कुरकुरतो. पण मी भंगार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म घाटंजीतला. कापसाचा भाव कोसळला, जिनिंग बंद पडलं आणि तिथला फिटर सरदार घरी बसला. त्याची बायको अनवरी मात्र बसणाऱ्यांतली नव्हती. ती आल्याचं जिंजर असं करायची की पिणाऱ्याचे कान गरम व्हावेत. "बाजारात विकू," ती म्हणाली. मग सरदारने जुन्या लोखंडाचे तुकडे जोडून मला घडवलं.

अनवरी भंगारातून बिअरच्या रिकाम्या बाटल्या आणायची, सोड्याच्या पाण्यात भिजवून घासायची आणि पातेल्यात खळखळ उकळायची. आलं-लिंबाचं गोड पाणी जरासं आंबलं की गाळून भरायची. वरून प्रत्येक बाटलीत थोडी साखर, कारण फेस धरतो तो त्या साखरेनेच. मग माझी पाळी. दांडा खाली, झाकण घट्ट!

एकदा दीर परवेजने घाईत साखर जास्त टाकली. दुसऱ्या दुपारी बाटली धाडकन फुटली आणि काच अनवरीच्या तळहातात घुसली. "बंद कर हे," सगळे म्हणाले. तिने हाताला फडकं बांधलं, भरलेल्या साऱ्या बाटल्या मोरीत ओतल्या आणि साखरेचा चमचा स्वतःकडे घेतला. "धंदा नाही चुकला, माप चुकलं," एवढंच बोलली.

पण तो आवाज गल्लीने ऐकला होता. बिअरच्या बाटल्या, आंबूस वास! अनवरी दारू गाळते, अशी आवई उठली. त्याच दिवसांत जवळच्या तांड्यावरच्या जमनाबाईने बायका गोळा करून दारूचा अड्डा बंद पाडला होता. एका सकाळी ती काठ्या घेतलेल्या बायकांसह थेट आमच्या अंगणात आली.

"दारू बनवून राह्यली का वो?"

"नाही."

"मंग हा फेस कायचा? बाटल्या बिअरच्या काहून?"

अनवरी माझ्यापुढून हलली नाही. "धिरड्याचं पीठबी फुगते, जमनाबाई. त्याले दारू म्हणता का? फोडाच्या तर फोडा. पण पयले पिऊन पाहा."

जमनाबाईने बाटली उघडून वास घेतला. नवऱ्याच्या तोंडाला येणारा दारूचा वास तिने अर्धं आयुष्य सोसला होता, तिला कोण फसवणार? तिने मोठा घोट घेतला आणि ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. काठी भिंतीला टेकली.

"आल्याचा झटका हाय हा, बायांनो!" मग हळूच म्हणाली, "पन अनवरीभाभी, लोकं बाटली पाहून बोलतेत."

"बोलू द्या. बाटलीत माणूस जे भरते, तेच राह्यते."

पुढच्या आठवड्यात जमनाबाई बैलगाडी घेऊन आली. गाडीत पोती, पोत्यांत अड्ड्यावरच्या रिकाम्या बाटल्या. "फोडनार होतो. आता तू भर," म्हणाली आणि पदर खोचून स्वतःच घासायला बसली. अनवरीने त्या दोनदा उकळल्या. मित्रांनो, त्यांच्यावर झाकणं दाबताना माझ्या दांड्यात जो जोर आला, तसा पुन्हा कधी आला नाही.

जमनाबाईच्या लेकीच्या, राखीच्या, लग्नात त्याच बाटल्या उघडल्या. काही पुरुषांनी तोंडं वाकडी केली, पण दुसरी मागितलीच.

पुढे प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी फळीवर गेलो. परवेजने मला विकायला काढलं तेव्हा अनवरी म्हणाली, "हात लावून तर पाहा!" आता तिचे हात थकलेत. बरीच वर्षं मला कोणी पुसलेलं नाही.

गंज हा माझा दोष नाही, मित्रांनो. जे काम घेऊन मला विसरले, त्यांचा आहे. घरातली अशी अवजारं फेकू नका. थेंबभर तेल द्या, उकळलेली बाटली खाली ठेवा आणि दांडा दाबा. मग बघा, एक बुडबुडा तरी बाहेर जाऊ देतो का!