देवाला सोडलेली गाडी

मी बोलतेय, आणि आधीच सांगून ठेवते, गोड बोलायला मी आलेली नाही. म्हाताऱ्या गाड्या आपली कहाणी सांगत सांगत शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. मी कुणालाही क्षमा केलेली नाही. दार्दोला तर मुळीच नाही.

जन्मानं मी पावाची गाडी. एस्केल गावातल्या बेकरीतून निघायचं आणि वाटेतल्या वाड्यावस्त्यांवर गरम पाव टाकत जायचं, हे माझं काम. बेकरी बंद पडली तसं मालकानं मला दार्दोच्या गळ्यात मारलं. दार्दोनं मला अंगणात उभं केलं आणि तो विसरून गेला. माझ्या पोटात कोंबड्या अंडी घालू लागल्या.

मला माणसांत आणलं ते त्याच्या बायकोनं, ओतिलियानं. ती लोकांच्या खुर्च्या-सोफ्यांना नव्या गाद्या शिवून द्यायची. तिनं कोंबड्या हाकलल्या, फळ्या ठोकून पलंग केला, शेगडी बसवली, पडदे शिवले. इंजिनही तिनंच उघडलं. माझ्यासमोर बसून तिनं ज्या शिव्या दिल्या त्या मी बेकरीतसुद्धा ऐकल्या नव्हत्या, पण शेवटी मी सुरू झाले. दार्दो दारात उभा राहून बघायचा.

"एकटी बाई डोंगरात चालली म्हणे," तो शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा. "पहिला टायर बसला की येईल रडत."

ती कधीच रडत आली नाही. आम्ही दोघी आलेर्सेसच्या राखीव जंगलात जायचो. पायवाट जिथं सुरू होते तिथं, वाऱ्याकडे तोंड करून ती मला उभी करायची, येर्बाचा कडू काढा प्यायची, बुटांच्या नाड्या आवळायची आणि माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायची, "येते गं." मग ती दिवसभर त्या जुनाट झाडांमधून, तळ्यांच्या काठानं, बर्फापर्यंत चालत असायची. संध्याकाळी परतली की ओले मोजे माझ्या आरशावर वाळत टाकायची आणि काय काय पाहिलं ते मला सांगायची. मोज्यांचा वास भयंकर असायचा. पण घरात खाली मान घालून वावरणारी ओतिलिया आणि डोंगरातून उतरणारी ओतिलिया या दोन वेगळ्या बायका होत्या, आणि दुसरी मला फार आवडायची.

असं दोन-तीन उन्हाळे चाललं. मग एक दिवस तिनं दार्दोला घराबाहेर काढलं. तो केस कापणाऱ्या नोएमीकडे राहायला गेला. मला वाटलं, ब्याद टळली.

ब्याद कुठली टळतेय! ओतिलिया वरच्या तळ्याकडे गेलेली असताना दार्दो एका मित्राच्या गाडीतून आला. त्याच्याकडे माझी दुसरी किल्ली होती. तो मला घेऊन गेला. तिचे कोरडे कपडे, जेवण, झोपायची पिशवी, सगळं माझ्या पोटात होतं. ती थकून, भिजून खाली उतरली तेव्हा तिथं माझ्या चाकांच्या खुणा तेवढ्या होत्या आणि अंग कापणारा वारा. जंगलातल्या रखवालदारानं तिला घरी पोचवलं. पोलीस म्हणाले, कागदावर गाडी नवऱ्याच्या नावाची, आम्ही काय करणार? दार्दोनं हा किस्सा गावभर रंगवून सांगितला आणि लोक पोट धरून हसले. नोएमी तेवढी हसली नाही, हे मी पाहिलं.

मी त्याच दिवशी ठरवलं की याला रडवायचं. कसं, ते मला ठाऊक होतं.

आमच्या मुलखात रस्त्याकडेला लाल झेंड्यांनी भरलेली छोटी देवळं असतात. ती गाउचितोची, वाटसरूंना सांभाळणाऱ्या आमच्या लोकदेवाची. त्याच्यासमोरून जाताना प्रत्येक ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. न वाजवता गेलं तर गाउचितो वाट बिघडवतो असं म्हणतात. ओतिलियाही वाजवायची, पण शेजाऱ्याला हाक मारावी तशी. दार्दोचं तसं नव्हतं. जगात तो एकाच गोष्टीला भीत होता, आणि ती ही.

नोएमीला घेऊन तो तलावाकडे निघाला. झेंडे दिसले, त्यानं हॉर्न दाबला. मी गप्प बसले. त्यानं पुन्हा दाबला, मग मूठ आपटली. मी तोंड उघडलं नाही. देऊळ मागे पडल्यावर मात्र मी अशी ओरडले की माळावरच्या मेंढ्या उधळल्या.

"वायर सैल असेल," नोएमी म्हणाली.

"वायर नाही," दार्दो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

मग काय, मी त्याला सळो की पळो करून सोडलं. शेगडी पेटू दिली नाही. पाणी उकळू दिलं नाही. त्यानं मला वाऱ्याकडे पाठ करून उभं केलं तेव्हा मी माझं दार वाऱ्याच्या हाती दिलं. बिजागरी मोडली, पण त्याच्या कोपरालाही चांगला फटका बसला. येता-जाता देवळापाशी माझी दातखीळ ठरलेली. त्यानं हॉर्न बदलून घेतला, तरी तेच. तो झोपेत बडबडू लागला.

शेवटी तलावाच्या वरच्या उतारावर मी ब्रेक ढिले सोडले. खोटं कशाला सांगू, मला त्याला पाण्यात न्यायचं होतं. पण शेजारी नोएमी बसली होती. तिनं माझं काय वाकडं केलं होतं? ती माझ्या खिडकीची कड धरून डोळे मिटून बसली होती. मी चाकं कठड्याच्या दगडांना घासत वेग आवरू लागले, आणि तेवढ्यात दार्दो किंचाळला, "गाउचितो, मला वाचव! ही गाडी तुझ्या दारात आणून सोडतो!"

मी थांबले. थांबल्यावर माझ्या लक्षात आलं काय होऊन बसलं ते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. सूड घेऊन ओतिलियाकडे परत जायचं सोडून मी देवाच्या मालकीची झाले होते.

दार्दोनं नवस लगेच फेडला. मला त्या देवळापाशी उभं केलं, आरशाला लाल फडकं बांधलं, किल्ली मूर्तीच्या पायाशी ठेवली. नोएमीला तिथंच टाकून तो एका ट्रकमध्ये बसून निघून गेला. पुढं लोक येऊन माझ्या पायरीवर मेणबत्त्या लावू लागले, चाकावर दारू शिंपडू लागले, बॉनेटला हात लावून कपाळाला लावू लागले. देवाला सोडलेल्या वस्तूला कोण हात लावणार? हिवाळाभर मी तिथं गंजत पडले आणि दातओठ खात राहिले. स्वतःवरसुद्धा.

ओतिलियाला कळवलं ते नोएमीनं. उन्हाळा लागता लागता ओतिलिया देवळापाशी बसमधून उतरली. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात बॅटरी. एक जाडजूड ट्रकवाला मेणबत्ती लावत होता. तिनं माझं बॉनेट उघडलं तसा तो धावत आला. "बाई, शुद्धीवर आहात का? देवाची गाडी आहे ती."

"देवाला दिली कुणी? जिनं चालती केली तिनं नाही. ज्यानं पळवली त्यानं." तिनं लाल फडकं सोडलं आणि नीट घडी करून मूर्तीपुढं ठेवलं. "आणि हा बाबा जिवंतपणी काय करायचा? श्रीमंतांची गुरं पळवून गरिबांना वाटायचा. चोरीचा माल कसा आणि कुणाला परत करायचा, ते त्याला मी शिकवू?"

ट्रकवाल्यानं थोडा विचार केला, टोपी काढून मूर्तीकडे बघितलं, आणि मला मागून धक्का मारायला लागला.

पण माझा खरा सूड तिथून सुरू झाला. मी गावातून गेले आणि दार्दोनं मला पाहिलं. तो पांढराफटक पडला. देवाला सोडलेली गाडी रस्त्यावर मोकळी फिरतेय म्हणजे त्याचा नवस फिटलेला नाही. तो ओतिलियाच्या दारात आला, गयावया करू लागला. "अगं, तिथं नेऊन ठेव तिला. तो मला सोडणार नाही."

"नवस तुझा. तुझं स्वतःचं काहीतरी दे ना," ओतिलिया म्हणाली आणि तिनं दार लावलं.

त्याचं स्वतःचं असं काही नव्हतंच. गावभर बातमी झाली. नवस बुडवलेला माणूस शेजारी बसवून कोण गाडी चालवेल? ट्रकवाले थांबेनात. बसवाला त्याला पाहून सीट नाहीत म्हणू लागला. नोएमीनं त्याचं सामान केव्हाच बाहेर ठेवलं होतं.

आता माझी एक बिजागरी दोरीनं बांधलेली आहे आणि चढावर मला धाप लागते. तरी आम्ही दोघी जातो. परवा जंगलाकडे निघालो होतो तर माळावर, उलट्या वाऱ्यात, दार्दो अंगठा दाखवत उभा होता. ओतिलियाचा पाय ब्रेकवर गेला. आता ही विरघळणार असं मला वाटलं, कारण तिचं मन मला ठाऊक आहे. ती थांबली. तो टोपी सांभाळत धावत आला, धापा टाकत खिडकीशी वाकला.

तिनं काच खाली केली आणि त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"चालत राहा, दार्दो," ती म्हणाली. "सुरुवातीला जड जातं. मग एकट्यानं चालायला फार छान वाटतं."

काच वर झाली. तिनं गिअर टाकला, आणि रस्त्यावरची धूळ त्याच्या तोंडावर मी माझ्या मनानं उडवली.