मनगटावरचे पंख

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू सहसा अडगळीच्या खोलीतून बोलतात, धुळीत उसासे टाकतात आणि शेवटी ‘मला वाचवा हो’ म्हणून गळा काढतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी धुळीत नाही आणि मला कुणी वाचवायला नको. ज्यांनी मला वाचवायचं मनावर घेतलं होतं त्यांच्यापासून वाचता वाचताच माझ्या नाकी नऊ आले. ती हकीकत सांगतो.

मधोमध एक गोल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेले पंख, असं माझं रूप. लढाईच्या काळात विमान चालवायला शिकलेल्या माणसाच्या छातीवर, खिशाच्या जरा वर, मला लावत. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला तिथे लढाईआधी चमचे बनायचे. साचे बदलले, पण कारागीर तेच राहिले. त्यामुळे माझ्या पंखांच्या टोकांना अजून चमच्याचा किंचित बाक आहे. पाठीला टाचणी जोडून, पॉलिश करून आम्हा भावंडांना खोक्यात भरलं, तेव्हा आमच्या गर्वाला सीमा नव्हती. आपण आता आभाळात जाणार, असं प्रत्येकाला वाटत होतं. चमच्यांना असलं काही वाटत नाही. त्यांची धाव वाटीपासून तोंडापर्यंत.

माझ्या वाट्याला आलेला वैमानिक उंच, किडकिडीत आणि कानांच्या बाबतीत श्रीमंत होता. सोबती त्याला सुपकान्या म्हणत. त्याची टोपी डोक्यावर कमी आणि कानांवर जास्त टेकलेली असे. रोज सकाळी तो मला बाहीने पुसायचा. विमान वर गेलं की मी थरथरायचो. ती थरथर इंजिनाची आहे असं मी बरेच दिवस समजत होतो. नंतर कळलं, त्यातली बरीचशी सुपकान्याच्या छातीची होती.

एकदा आमच्या विमानाने वरच्या वर पेट घेतला. सुपकान्याने उडी मारली आणि पॅराशूटची दोरी ओढली. मित्रांनो, दोरी ओढणं आणि छत्री उघडणं यांच्यामध्ये जो वेळ जातो, तो कुठल्याच घड्याळात बसत नाही. मग वर काहीतरी फाडकन फुललं आणि आम्ही डुलत डुलत एका कोबीच्या मळ्यात उतरलो. कोबीचं थोडं नुकसान झालं.

तळावर एक लांबलचक खोली होती. तिथे लांबलचक टेबलांवर मुली या रेशमी छत्र्यांच्या घड्या घालत. दोऱ्या सरळ करायच्या, कापडाची पाकळी न् पाकळी एकावर एक बसवायची आणि हा सगळा पसारा उशीएवढ्या पिशवीत कोंबायचा. त्या खोलीचा एक रिवाज होता. ज्याची छत्री उघडली त्याने घडी घालणारीकडे स्वतः जाऊन तिच्या हातात काहीतरी ठेवायचं. ज्याची उघडली नाही तो तक्रार घेऊन येत नसे, त्यामुळे खोलीचा लौकिक चांगला होता.

सुपकान्या गेला तो रिकाम्या हाताने. त्याचं सगळं सामान विमानाबरोबर जळालं होतं. घडीवालीने मान वर न करता विचारलं, “तुमची उघडली?”

“उघडली.”

“मग बरं,” म्हणून तिने पुढची दोरी सरळ केली.

सुपकान्याचे कान लाल झाले, म्हणजे दृश्याचा बराच भाग लाल झाला. त्याने मला छातीवरून काढलं आणि टेबलावर ठेवलं. “हा घ्या. वर मी नेतो, पण खाली तुम्ही आणलंत.”

“मी कुठे उडते? छातीवर कुठल्या तोंडाने लावू?”

“मग छातीवर लावू नका,” सुपकान्या म्हणाला. एवढं बोलून त्याची बुद्धी संपली.

पुढची बुद्धी तळावरच्या फिटरने चालवली. त्याने माझी टाचणी तासून काढली, पंखांच्या टोकांना भोकं पाडली, मला एका नळीवर वाकवलं आणि दोन्हीकडे साखळीचे दुवे ओवले. शेवटी एक कडी बसवली. ही कडी म्हणजे पॅराशूटच्या पट्ट्याला असते तिची धाकटी बहीण. ओढाल तितकी घट्ट बसणार. मात्र तिच्या दोन्ही बाजू बोटांच्या चिमटीत एकदम दाबल्या की निमूट सुटणार. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुखलं का, असं विचाराल, तर दुखलं. कान टोचतानाही दुखतं, पण टोचलेल्या कानाला कुणी बिघडलेला कान म्हणत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग त्या दोघांचं लग्न झालं असेल. नाही झालं. सगळ्याच गोष्टींच्या शेवटी लग्न नसतं. सुपकान्या आपल्या गावी गेला. घडीवालीने एका पोस्टमनशी संसार केला, आणि तो मनुष्य पाहुण्यांना माझी गोष्ट तिच्यापेक्षा रंगवून सांगायचा. मी तिच्या मनगटावर राहिलो. कणीक, साबण, पोरांची शेंबडी नाकं, पुढे तंबूच्या कारखान्यातली जाड कापडं, सगळं मी पाहिलं. छातीवर होतो तेव्हा मला फक्त समोरचं दिसायचं. मनगटावर आल्यावर काम दिसायला लागलं. याला मी बढती म्हणतो.

ती गेली. घर आवरणाऱ्या नातलगांनी मला बटणांच्या डब्यात टाकलं आणि डबा जुन्या बाजारात गेला. हा भाग दुःखाचा आहे, म्हणून तो मी थोडक्यात आटोपतो.

डब्यातून मला उचलणारे गृहस्थ विमा कचेरीतून निवृत्त झालेले होते. खिशात कायम भिंग असल्यामुळे लोक त्यांना भिंगवाले म्हणत. त्यांना वैमानिकांचे पंख जमवायचा नाद होता. पंखांचे बिल्ले, पंखांची कंकणं, पंखांची लॉकेटं. दिवाणखान्यात कपाटं, बोळात कपाटं. मोरीत कपाट नव्हतं, ते केवळ दमट हवेमुळे. काचेच्या आतल्या वस्तूला पांढरे हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही, असा नियम होता. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, काच बाहेरून पुसायची. बाई पुढच्या खोलीत कपडे उसवून, आखूड करून, सैल करून द्यायचं दुकान चालवत. कुठल्या कुठल्या पुरुषांनी कुठल्या कुठल्या बायकांना दिलेले दागिने त्या घरात भरले होते आणि त्या घरच्या बाईच्या हातात फक्त एक घड्याळ होतं. तेही गिऱ्हाइकांना कपडे वेळेवर हवे असतात म्हणून.

मला कपाटात ठेवून भिंगवाल्यांनी माझ्यापुढे कार्ड लावलं: ‘प्रेयसीचे कंकण’. मी आतून ओरडलो, पण काच जाड होती.

या नादिष्टांचं एक मंडळ होतं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर ते जमत, टेबलावर हिरवं कापड अंथरत आणि हातमोजे घालून एकेक वस्तू हातोहात फिरवत. मंडळातल्या ज्येष्ठांना पाठबघे म्हणत, कारण ते कुठल्याही बिल्ल्याचं तोंड बघतच नसत. बिल्ला हातात आला की उलटा. आधी पाठ, मग मत. त्यांनी मत दिल्याशिवाय बाकीच्यांनी ‘छान’ म्हणायचं नाही. त्यांनी मला उलटं केलं.

“चमचेवाल्यांचा माल आहे. असे फार उरले नाहीत,” ते म्हणाले. भिंगवाल्यांची छाती फुगली. “पण टाचणी तासलीय. टोकांना भोकं. वाकवलाय. कुणा बाईने हौसेपायी चांगला तुकडा बिघडवला.” छाती खाली बसली. “सरळ करून घ्या, साखळी काढा, टाचणी लावा. मग प्रदर्शनात पहिल्या रांगेत ठेवू.”

पहिली रांग. मित्रांनो, त्या दोन शब्दांवर माणसं काय काय कापायला तयार होतात.

घरी येऊन भिंगवाल्यांनी जेवताना बाईंना सांगितलं, की उद्या सोनाराला घेऊन येतो आणि त्या कंकणाला मूळ स्थितीत आणतो.

“जिनं घातलं तिला विचारलंत?” बाई म्हणाल्या.

“ती केव्हाच गेली असेल.”

“म्हणजे आता विचारायला नको.”

“अगं, बिघडवलेला आहे तो.”

“माझ्या दुकानात लोक थोरल्या भावाचा कोट आणतात आणि धाकट्याच्या अंगावर बसवून नेतात. मी काय बिघडवते?”

“कपड्यांची गोष्ट वेगळी.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

या ‘बरं’चा अर्थ कुठलाही लग्न झालेला माणूस ओळखतो. भिंगवाल्यांना भिंगातून फक्त धातू दिसायचा.

दुसऱ्या दिवशी ते सोनाराकडे गेले आणि बाईंनी कपाट उघडलं. हातमोज्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. किती वर्षांनी मला उघड्या हाताचा स्पर्श झाला. सुईने खरबरीत झालेली बोटं, उबदार. त्यांनी मला मनगटावर घातलं, कडी खट्कन बसली. काढायला म्हणून ओढलं, तर ती आणखी आवळली. पण आयुष्य हूक आणि बंदांमध्ये गेलेल्या बाई त्या. त्यांची बोटं कडीवरून फिरली, चिमूट दाबली गेली, कडी सुटली. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग मला परत घातलं आणि चहाचं आधण ठेवलं.

भिंगवाले सोनाराला घेऊन आले तेव्हा बाईंनी हात पुढे केला. “अहो, हे निघत नाही.”

भिंगवाल्यांनी ओढलं. साबण लावून ओढलं, तेल लावून ओढलं. प्रत्येक ओढीला मी आणखी घट्ट. फिटरचे मी मनोमन पाय धरले. शेवटी भिंगवाले घाम पुसत सोनाराला म्हणाले, “साखळीच कापा. नाहीतरी काढायचीच आहे.”

बाईंनी हात टेबलावर ठेवला, सोनाराच्या कात्रीशेजारी.

सोनाराने कात्री उचलली, ठेवली. “बाईमाणसाच्या हातातला दागिना मी तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय कापत नाही. कापू का, बाई?”

“मी कशाला सांगू?”

सोनाराने पिशवी बंद केली आणि चहा पिऊन गेला.

पुढचे दिवस भिंगवाल्यांचे फार हालाचे गेले. बाई भांडी घासू लागल्या की ते फडकं घेऊन मागे उभे. इस्त्रीची वाफ आली की त्यांचा जीव वर-खाली. शेवटी माझ्यावर पहारा ठेवायला ते दुकानातच खुर्ची टाकून बसू लागले. बसलाच आहात तर टेपचं टोक धरा, बाई म्हणाल्या. त्यांनी धरलं. बसलाच आहात तर हे उसवा. त्यांनी उसवलं. एवढ्या वर्षांत त्या खोलीत नेमकं काय चालतं हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गिऱ्हाइकांनी विचारलं की ते माझी माहिती सांगायचे, आणि ‘प्रेयसीचं कंकण’ म्हणताच बाई दातांतली टाचणी काढून विचारायच्या, “कशावरून प्रेयसी? आभारसुद्धा मानले असतील कुणीतरी. पुरुषांनी आभार मानले की बायकांना पुरावा जपून ठेवावा लागतो. पुन्हा कोण मानतंय?”

एका दुपारी दुकानात रेशमी झगा आला. रेशीम अडकू नये म्हणून बाईंनी चिमूट दाबली, मला काढून इस्त्रीजवळ ठेवलं आणि त्या पाठमोऱ्या होऊन शिवायला बसल्या. रेशीम टेबलावरून सरकताना जो आवाज होतो तो मी त्या लांबलचक खोलीनंतर कधी ऐकला नव्हता. मी ऐकत पडलो होतो आणि तेवढ्यात दारात भिंगवाले दिसले. दोन्ही हातांत चहाचे कप.

त्यांनी सुटलेली कडी पाहिली. मला पाहिलं. बाईंचं मोकळं मनगट पाहिलं आणि त्यावरचा माझा फिकट वळ पाहिला. मी हाताच्या अंतरावर होतो. सोनार चार दुकानं पलीकडे बसायचा. प्रदर्शन दोन दिवसांवर होतं आणि पहिल्या रांगेत जागा राखलेली होती. मला पळता येत नाही. पंख असले म्हणून काय झालं?

भिंगवाले पाऊल न वाजवता मागे सरकले. बोळातून खोकल्याचा आवाज आला. विनाकारण मोठा, नाटकातल्यासारखा. मग बराच वेळ गेला. बाईंनी तेवढ्यात मला चढवून कडी बसवली.

“चहा आणलाय,” भिंगवाले आत येत म्हणाले. चहा गार झाला होता. बाई तो तसाच प्यायल्या.

प्रदर्शनाला बाई मला घालून गेल्या, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं. पहिल्या रांगेत निळ्या मखमलीवर बिल्ले ओळीने मांडले होते आणि मधोमध एक जागा रिकामी होती. तिच्यापुढे भिंगवाल्यांच्या अक्षरात कार्ड: ‘वैमानिकाचे पंख. चमच्यांच्या कारखान्यातले. सध्या वापरात.’

पाठबघे त्या रिकाम्या जागेवर वाकले. उलटं करायला तिथे काही नव्हतं, त्यामुळे ते जरा गोंधळले. “सध्या वापरात? कुणाच्या?”

“माझ्या,” बाई म्हणाल्या.

पाठबघ्यांनी माझं तोंड बहुधा तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. मग सवयीने त्यांनी हात पुढे केला. “काढा जरा. पाठ बघू.”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. भिंगवाल्यांनी खिशातलं भिंग काढलं, पुसलं आणि परत ठेवलं.

“ते निघत नाही,” ते म्हणाले.

मित्रांनो, शेवटी विनंती करायची पद्धत आहे, तर माझीही ऐका. जुन्या वस्तू जरूर जपा. पण जपण्याआधी एकदा हातात घालून पाहा, की त्या कुणाच्या कामाच्या आहेत का. माझी कुणाबद्दल तक्रार नाही, मला पहिली रांग नको, आणि माझी पाठ आता ज्या मनगटाला टेकली आहे तिथून ती कुणी बघू शकत नाही. बघायचीच असेल तर ओढून पाहा. ओढलं की मी आणखी घट्ट बसतो. तो माझा बिघाड नाही. माझी बनावटच तशी आहे.