गेरू फासलेली शिडी

भिंत किती उंच बांधावी याला काही धरबंध असतो की नाही? तानुबाईच्या सासऱ्यांना तो नव्हता. मोताळ्यापासून तीन कोसांवरच्या त्या गावात माणसं हात वर केला की आढ्याला लागेल अशा घरांत सुखाने नांदत होती, आणि या गृहस्थाने बैठक बांधली ती बारा हात उंच. उन्हाळ्यात गार राहते म्हणे. राहायची गार, नाही असं नाही. पण दिवाळी आली की त्या भिंतींना चुना कसा लावायचा हा प्रश्न दरसाल उभा राहायचा, आणि सासरे गेल्यावर तो तानुबाईच्या नवऱ्याच्या, भगवंतरावांच्या गळ्यात पडला. यंदा तर घाईच होती. नागपूरच्या शेतकी खात्याचा कोणी साहेब कार्तिकात फिरतीवर येणार होता आणि त्याचा मुक्काम याच बैठकीत ठरला होता.

चुना घरच्या कर्त्या माणसाने लावायचा, हा त्या घरचा रिवाज. सासरे धान्याच्या दोन कोठ्यांवर फळी टाकून चढायचे. भगवंतरावही तसेच चढणार म्हणत होते. तानुबाईने साफ नाही म्हटलं. कोठी मातीची, आतून उंदरांनी किती पोखरली कोण पाहतं? मग त्यांनी लांब बांबूच्या टोकाला कुंचा बांधून खालूनच भिंत ओढायचं काढलं. तेही तिने मोडून काढलं. वर पाहत कुंचा ओढला की चुना डोळ्यांत गळतो. शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याचा एक डोळा तसाच गेला होता. नवरा वैतागला आणि मग हवेतून उडत जाऊ का, म्हणून विचारू लागला. तिने सांगितलं, बांबूची परांची बांधा. चार उभे, आडवे बांधलेले, कोपऱ्यांना तिरपे, आणि गाठी नव्या अंबाडीच्या दोराच्या.

बाजारात बांबू आले तेव्हा ती स्वतः गेली. एकेक बांबू दगडावर आपटून आवाज ऐकला, बुडाशी पिठासारखी भुकटी दिसते का पाहिलं. अकरातले सात भुंग्याने खाल्लेले निघाले. विकणाऱ्याने शपथा घातल्या, तिने ऐकल्या आणि रिकाम्या हाताने परत आली. पुढचा बाजार आठ दिवसांनी, दिवाळी सहा दिवसांनी. बाई संशयी खरी, पण तिला दोष कसा द्यावा? तिचा बाप विहिरीच्या रहाटावरून पडून गेला होता, कुजक्या लाकडाने. तेव्हापासून घरचा माणूस जमिनीवरून पाय उचलायचा म्हटला की तिचा जीव टांगणीला लागायचा.

आणि नेमकी त्याच दुपारी उत्तमरावांची शिडी आली.

उत्तमराव म्हणजे भगवंतरावांचा धाकटा भाऊ. चैतात दोघे वेगळे झाले होते. बैठक थोरल्याकडे आली, शेतातली शिडी आणि औतफाटा धाकट्याकडे गेला. बैठकीवर उत्तमरावांचा डोळा होता हे सगळ्या गावाला माहीत होतं. वाटणीच्या दिवशी ते भर पंचांसमोर म्हणून गेले होते, "बापाची बैठक दादाले लाभनार नाही." त्यानंतर सात महिने दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. जावा नदीवर भेटल्या तरी एकमेकींकडे पाठ करून धुणी धूत. आणि आज न मागता, न सांगता, दोन गडी शिडी खांद्यावर घेऊन दारात उभे. निरोप काय, तर दादाला चुन्याला लागेल.

भगवंतराव तर विरघळलेच. शेवटी रक्ताचं माणूस, म्हणाले, आणि डोळे पुसले. तानुबाईच्या मनात मात्र पाल चुकचुकली. सात महिने तोंड न दाखवणाऱ्याला एकाएकी माया कुठून फुटली?

शिडी तांबडी लाल होती. दसऱ्याला हत्यारं-अवजारं पुजतात तेव्हा गेरू लावतात, त्यात नवल नाही. पण ही वरून, खालून, सांध्यांतून, जाडच्या जाड सारवलेली होती. नवरा जेवायला बसला तशी ती बैठकीत गेली आणि केसांतल्या आकड्याने एकेक पायरी खरवडायला लागली. आठ पायऱ्या ठणठणीत. नववीच्या बुडाशी, जिथे ती डाव्या दांड्यात बसते तिथे, गेरूचा पोपडा निघाला आणि आत बोटभर लांब चीर दिसली. चिरेत गेरू दाबून भरला होता.

 तिला संताप आला. हा माणूस भावाला मारायला निघाला होता.

ती नवऱ्याला सांगायला गेली. पुरतं सांगूही दिलं नाही त्यांनी. उत्तमचं नाव निघताच ताट सरकवलं. सात महिन्यांनी भाऊ जवळ आला तर तुझ्या पोटात दुखतं, तुला आमचं जुळायला नकोच आहे, असलं काहीबाही बोलले. उद्या सकाळी चढणार म्हणजे चढणार. चीर दाखवली असती तरी ते म्हणाले असते, जुनं लाकूड आहे, चिरतंच. तिला चीर दाखवायची नव्हती, माणूस दाखवायचा होता.

म्हणून तिने डोकं चालवलं. खरवडलेल्या जागी ओला गेरू बोटाने परत बसवला आणि उत्तमरावांकडे गोड निरोप धाडला. शिडी तुमची आहे, बापाची बैठक आहे, तर पहिला कुंचा तुम्हीच येऊन मारा. ठाऊक असलेला माणूस काय करील? येणारच नाही. आला तर काही निमित्त काढील. आणि लाजेकाजेस्तव चढलाच, तर नववी पायरी ओलांडून दहावीवर पाय टाकील. तिथेच त्याला सगळ्यांदेखत पकडायचं. चौथी गोष्ट काही तिला सुचली नाही.

सकाळी उत्तमराव आले. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा रुमाल, मागे त्यांची बायको वच्छलाबाई पदर सावरत. दारात दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत राहिले आणि थोरल्याने धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. पाहा कसा नाटकी, तानुबाईला वाटलं. तिला त्यांचं हसणंही खोटं वाटलं, डोळ्यांतलं पाणीही खोटं वाटलं. भिंतीला शिडी लागली. भगवंतरावांनी बूड धरलं. उत्तमरावांनी डाव्या हातात चुन्याची बादली घेतली, कुंचा कमरेला खोचला, आणि चढू लागले.

तानुबाई मोजत होती. चार. पाच. वच्छलाबाई तिच्या शेजारी उभी राहून हळूच सांगत होती की दसऱ्याला तिनेच शिडीला गेरू लावला, यंदा गेरू उरला होता म्हणून दोन-दोन हात दिले. सहा. सात. तानुबाईने मान वळवून जावेकडे पाहिलं. त्या तोंडावर काहीसुद्धा नव्हतं. दिवाळीत कोणाच्याही तोंडावर असतो तेवढाच आनंद होता. आठ. ओरडावं असं तानुबाईच्या मनात आलं. आता बघू, असंही आलं. एवढ्या दोन गोष्टी मनात यायला लागतो तेवढाच वेळ होता, आणि तो गेला.

उत्तमरावांनी नवव्या पायरीवर सगळा भार टाकला. पायाने चाचपलंही नाही.

लाकूड मोडल्याचा आवाज त्या उंच बैठकीत फार मोठा झाला. ते फरशीवर कुशीवर पडले, चुना भिंतीवर आणि भावाच्या अंगावर उडाला. खुब्याचं हाड मोडलं होतं. हाडवैद्याने हात लावून पाहिलं आणि मान हलवली. बुलढाण्याच्या दवाखान्यात न्या म्हणाला, वाचतील, पण औतामागे चालणं आता विसरा.

गाडी जुंपेपर्यंत अंगणात गाव जमलं. भगवंतराव भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडत होते. मधेच उठून ते बायकोपाशी आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, तू शिडीबद्दल बोलत होतीस ते मी ऐकलं नाही, तुझं खरं होतं. बायामाणसांनी माना डोलावल्या. तानुबाईची नजर मोठी पारखी, कोणी म्हणालं. तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

गाडीत गवत घालून उत्तमरावांना निजवलं होतं. लोट्याने पाणी पाजायला तानुबाई वाकली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि दोन्ही हात जोडले.

"वयनी, मले खरंच ठाव नोतं. दादा चढला असता तं... देवानं वाचोलं. बैठकीवरून बोललो, ते माफ करा मले."

गप्प राहिली असती तर जन्मभर कोणाला कळलं नसतं.

"भाऊजी, मले ठाव होतं," ती म्हणाली. "चीर मी काल पाह्यली."

त्यांना आधी ते समजलंच नाही. कळवळत, दम घेत त्यांनी विचारलं, "मंग काऊन नाही बोलल्या?"

"तुमी ते पायरी टाळता का, थे पाहून राह्यली होती मी."

उत्तमरावांनी जोडलेले हात सोडले. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं आणि बायकोला हाक मारली. वच्छलाबाई गाडीत चढली, तिने तानुबाईच्या हातातला लोटा घेतला आणि नवऱ्याला स्वतः पाणी पाजलं. गाडी बुलढाण्याच्या वाटेला लागली.