पिवळा दोरा

तिने कोटाच्या कोपरावर शेवटचा टाका घातला आणि दोरा दातांनी तोडला. कोट राखाडी, दोरा पिवळाधमक. चाळीस वर्षं लोकांचे फाटके कपडे तिने बेमालूम रफू करून दिले होते; स्वतःच्या कोटावरचं काम मात्र लांबूनही दिसावं, असा तिचा हट्ट.

लेकाने नव्या कोटाचा खोका पुढे सरकवला.

"उद्या दुकान उघडतोय आई. मी नवे कपडे विकणार आणि तू ठिगळं लावून येणार?"

"ठिगळ नाही, रफू आहे."

"तेच घालणार असशील, तर येऊच नकोस."

शब्द जिव्हारी लागले. एकुलता एक लेक. तरी तिने खोका उघडला नाही. अंगावर धड कोट असताना दुसरा कशाला?

दुसऱ्या दिवशी ती त्याच कोटात, ताठ मानेने दुकानात शिरली. लेकाने तोंड फिरवलं. समोर कोरे कोट टांगलेले, प्रत्येकाच्या कोपरावर रंगीत कापडाचा तुकडा शिवलेला. तिने एका बाहीत हात घालून चाचपलं.

"अगंबाई! खाली भोकच नाही!"

लोक हसले. कोट घ्यायला आलेल्या एका बाईने तिची बाही निरखली.

"आजी, असा कोट कुठे टांगलाय?"

"हा विकायचा नाही. तुमच्या घरी जुना असेल ना? आणा, असाच रफू करून देते."

"कुठे आणू?"

"इथेच. दुकान माझ्या लेकाचं आहे."

बाईने हातातला कोट परत टांगला. लेक तरातरा आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"माझं दुकान बुडवायला आलीस का?"

"आधी तुझा खांदा बघ. शिवण उसवलीय."

सकाळीच अंगावर चढवलेला नवा कोट. त्याने मान वळवून पाहिलं. तिने कॉलरमागे खोचलेली सुई काढली आणि आवाज खाली आणला.

"काळा दोरा आहे माझ्याकडे. कुणाला कळणार नाही."

सगळं दुकान बघत होतं. लहानपणी शाळेत जाताना उभा राहायचा, तसा तो खांदा पुढे करून उभा राहिला.

"पिवळाच घाल," तो म्हणाला.