तांबड्या-पांढरीच्या मधली काच

सीताबाईंनी काच काढली ती सकाळी सव्वादहाला, आणि काढताना त्यांच्या मनात नखाएवढंही वाईट नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतील, बाईला काही कळत नव्हतं का? कळत होतं की! मुलानं दहादा बजावलं होतं.

मुलगा म्हणजे जिनेश. शिरोली एमआयडीसीत त्याचं लहानसं मशीनशॉप. दोन हजार एक साली त्यानं राजारामपुरीतल्या दुकानातून रेड डेव्हिल जातीच्या माशांची बोटाएवढी दोन पिल्लं आणली आणि रुईकर कॉलनीतल्या घरात, हॉलमध्ये तीन फुटी टाकी मांडली. दोन वर्षांत नर वीतभराहून मोठा झाला, गाजरासारखा तांबडा, कपाळावर टेंगूळ. मादी पांढरट, जरा बारकी. वाढता वाढता तांबड्यानं पांढरीला असं काही झोडपायला घेतलं, की जिनेशनं मधोमध काच सरकवून टाकीचे दोन भाग केले.

"जातच भांडखोर हाय, आई. आपल्या जागेत दुसरं कुणी आलेलं खपत न्हाय त्याला. काचेला हात लावू नको."

त्या काचेनं सीताबाईंच्या जिवाला घोर लावला होता. दोन जीव दिवसभर समोरासमोर, काचेला तोंड घासत. "नवराबायकोच्या मधी भिंत घातलीस रे," त्या येता-जाता म्हणायच्या. शाळेत शिकवणारी सून आदिती हसायची आणि डबा घेऊन निघून जायची. हसायला काय जातंय! दिवसभर घरात बसून ते बघायचं कुणाला होतं?

त्यात तो दिवस क्षमावाणीचा. पर्युषणाचे दहा दिवस संपले की दुसऱ्या दिवशी हात जोडून ज्याची त्याची क्षमा मागायची, माणसाचीच नव्हे तर जीवमात्राची. सीताबाईंनी दहाही दिवस एकवेळ जेवून काढले होते. आणि सकाळी अंगणात बघतात तर कोण? बाळाबाई! त्यांची थोरली जाऊ. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडून अकरा वर्षं जिनं या घराची पायरी चढली नव्हती, ती दारात उभी राहून म्हणाली, "सीता, चुकलं-माकलं पोटात घाल ग." सीताबाई म्हणाल्या, "आक्का, चूक माझी बी हाय की." दोघी मनसोक्त रडल्या, चहा प्याल्या आणि बाळाबाई गेली.

आता सांगा, अशा वेळी माणसाचं मन थाऱ्यावर राहतं होय? सीताबाईंना वाटलं, अकरा वर्षांचं वैर चहाच्या कपाबरोबर संपलं, मग या मुक्या जिवांनीच काय घोडं मारलंय? त्या टाकीपाशी गेल्या, झाकण उचललं आणि दोन्ही हातांनी काच वर ओढून घेतली.

मिनिटभर छान चाललं. तांबडा पांढरीभोवती फिरला. कल्ले फुलवून तिच्यासमोर उभा राहिला. "लाजतोय मेला," सीताबाई हसल्या.

तो लाजत नव्हता. पुढच्या क्षणी त्यानं तिच्या कुशीत अशी धडक मारली की टाकीचं पाणी फरशीवर सांडलं. पांढरी पळाली. पळणार कुठं? तीन फूट जागा! या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. तो मागं लागला, शेपूट धरलं, फाडलं. पाण्यात पांढरे खवले तरंगायला लागले.

"अगं बाई! सोड, सोड तिला!" सीताबाईंनी काच परत घालायला घेतली, पण काच खाचेत बसेना. तांबडा थेट हातावर धावून आला. काच सुटली आणि आडवी होऊन पडली.

त्यांनी मशीनशॉपला फोन लावला. उचलला आकारामनं, लेथवरच्या कारागिरानं. "मालक आत हायत, आक्का. काय झालं?"

"त्याला बोलाव आधी! पळ!"

जिनेश फोनवर आला आणि ऐकताच ओरडला, "हात घालू नको, चावंल तुला! टाकीचा लाईट बंद कर, वरनं चादर टाक. अंधारात जरा गप बसतो तो. आलोच मी."

आलोच म्हणजे निदान वीस मिनिटं. सीताबाईंनी लाईट घालवला, चादर टाकली. दारात गेल्या, रस्ता बघितला, परत आल्या. चादरीखालून धप्प असा आवाज आला. परत दारात. परत आत. धप्प. नवकार मंत्र म्हणायला घेतला तर दुसऱ्या ओळीवरच विसरला. जन्मभर मुंगीला पाय लागू नये म्हणून खाली बघून चाललेली बाई, आणि आज स्वतःच्या हातानं एक जीव त्या राक्षसाच्या तोंडी दिला होता! तोही दहा दिवसांचं व्रत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी! पांढरी मेली तर त्या दहा दिवसांना काय चाटायचंय?

धप्प.

राहवेना. त्या स्वयंपाकघरात धावल्या. रोजची गाळणी चहाची, एवढीशी. खोलगट मोठी चाळण होती ती वेगळ्या कपाटात, चौक्याच्या भांड्यांत. मुनिमहाराजांच्या आहाराची ती भांडी. सीताबाई सुनेलासुद्धा आंघोळीशिवाय त्यांना शिवू देत नसत. त्यांनी कपाट उघडलं, चाळण घेतली आणि सगळ्यात मोठं पातेलं घेतलं.

चादर काढून त्यांनी पातेलं टाकीतल्याच पाण्यानं भरलं आणि कोपरापर्यंत हात घातला. तांबड्यानं करंगळीचा लचका तोडला. "तोड मेल्या, तोड!" त्या ओरडल्या, पण हात काढला नाही. कोपऱ्यात आडव्या झालेल्या पांढरीखाली चाळण घातली आणि तिला उचलून पातेल्यात सोडलं.

जिनेश आला तेव्हा त्या फरशीवरच्या पाण्यात बसल्या होत्या. पातेलं मांडीशी, बोटाला पदर गुंडाळलेला. त्यानं आधी आईचं बोट धुऊन बांधलं, मग हवेच्या मोटरची नळी पातेल्यात सोडली. औषध घातलं. दुपारभर मायलेक तिथंच बसून होते. चारच्या सुमाराला पांढरीचे कल्ले हलायचे थांबले.

"माझ्या हातनं गेली न्हवं?" सीताबाईंनी विचारलं.

जिनेशला खोटं बोलता आलं असतं. त्यानं पातेल्यातली नळी काढून मोटर बंद केली. "काच तू काढलीस, आई. पण दुकानदारानं मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं की हे मोठे झाल्यावर एकाला एक टाकी लागंल, ती बी चार फुटी. मी म्हटलं, बघू पुढं. आणि पुढं आली ती काच. मी वेळेत दुसरी टाकी आणली असती तर काढायला काच तरी असती का?"

सीताबाईंना पोराचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि त्या ढसाढसा रडल्या.

मागच्या अंगणात पेरूखाली पांढरीला पुरून जिनेश आत आला. तांबडा तीन फुटांत येरझाऱ्या घालत होता. जिनेशला ते बघवेना. "ह्याला रंकाळा तळ्यात सोडून येतो. तुझ्या डोळ्यांसमोर नको."

कालपर्यंत सीताबाई म्हणाल्या असत्या, सोड बाबा, मोकळा होऊ दे. आज त्यांनी डोळे पुसले. "तिथं दुसरे मासे असतील?"

"असतील की. बारकी पिल्लं बी असतील."

"मग त्यांचं रे?"

जिनेशनं उचललेली बादली खाली ठेवली.

"न्हाय सोडायचं. आणलाय, तर मरेपर्यंत ह्या घरात सांभाळायचा. मोठी टाकी आण आणि त्यात एकट्याला ठेव." त्या उठल्या. "खातो कधी हा?"

"आता ह्याच वेळी. बस तू, मी घालतो."

"तू कामावर असलास म्हंजे?"

फडताळावरचा खाण्याचा डबा त्यांनी स्वतः काढला. दोन वर्षांत त्या डब्याला त्यांनी हात लावला नव्हता. त्याला सुक्या मासळीचा वास यायचा. झाकण उघडताना त्यांनी तोंड फिरवलं. "ह्यात काय असतं ते मला सांगू नको. किती गोळ्या घालायच्या तेवढं सांग."

"सहा."

बांधलेल्या बोटाच्या हातानं त्यांनी एकेक गोळी पाण्यात सोडली. तांबड्यानं सहाच्या सहा गिळल्या आणि वर येऊन आ वासला.

"भुकेला हाय अजून," सीताबाई म्हणाल्या. त्यांच्या चिमटीत आणखी दोन गोळ्या आल्याच होत्या.

"जास्त घातलं की पाणी नासतं, आई. आजारी पडतो."

तांबडा काचेशी तोंड लावून त्यांच्या चिमटीकडं बघत होता. सीताबाईंनी त्या दोन गोळ्या डब्यात परत टाकल्या आणि झाकण घट्ट लावलं.