रुसलेली बाही

मी एक जुनी मखमली चोळी आहे, आणि माझी एक बाही दुसरीपेक्षा काळी आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे गोष्ट ऐकताना तुमचं लक्ष सारखं माझ्या बाह्यांकडे जाणार नाही. लोकांचं जातं.

चोळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे खणाची, पुढे गाठ मारायची चोळी आली असेल. मी तसली नाही. माझा रंग पिकल्या जांभळाचा. गळा बंद, गळ्याला लेस, पाठीवर शिंपल्याची बटणं, खांद्यावर फुगा आणि बाह्या पार मनगटापर्यंत. बाह्यांच्या टोकाला बोटभर जरीची पट्टी. कुंभकोणमच्या तमिळ शेजारणी मला 'जाकेट' म्हणत. पण ज्या घरात मी राहिले ते मराठी. त्यांचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या पदरी होते आणि मग इथलेच होऊन गेले. उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. आणि ती मराठीसुद्धा माझ्यासारखीच, पेटीत घडी घालून जपलेली. म्हणून मी त्यांची चोळीच राहिले.

माझा जन्म कुंभकोणमच्या मेलकावेरी भागात कृष्णराव शिंप्याच्या दुकानात झाला. भवानी नावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. सतरा वर्षांची होती. उशीरच झाला, असं तेव्हाचे लोक म्हणत. तिच्या वडिलांनी मद्रासहून मखमल आणली. कुंभकोणमच्या उकाड्यात मखमल! पण लेकीच्या लग्नात बापाला उकाडा कुठे जाणवतो?

मखमलीच्या अंगावर मांजराच्या पाठीसारखी लव असते. ती एकाच दिशेला झुकते. शिंप्यानं सगळे तुकडे त्याच दिशेनं कापायचे असतात. कृष्णरावाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी मशीनवर होते त्या दिवशी देवाचा रथ निघाला होता. सगळी गल्ली रथ ओढायला गेली होती, आणि कृष्णरावाचं एक पाऊल मशीनवर, एक कान रथापुढच्या नागस्वराच्या सुरांकडे. त्या घाईत माझी डावी बाही उलटी कापली गेली. संध्याकाळी त्यानं मला दारात धरलं. उजवी बाही उजेडात हसली. डाव्या बाहीवर मात्र ढग आल्यासारखं झालं.

"शिवा शिवा," कृष्णराव म्हणाला. दुसरी मखमल कुठून आणणार? त्यानं डावी बाही आत दुमडून माझी घडी घातली आणि लग्नघरी नेऊन दिली. पुष्कळ दिवस तो त्या गल्लीतून गेला नाही.

लग्नघाईत बाहीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. गेलं ते एकाचंच. आमच्याकडे लग्नात नलंगू असतो. वधूवर समोरासमोर बसतात, बायका गाणी म्हणतात, आणि दोघांनी एकमेकांकडे नारळ लोटायचा. नवरामुलगा चंद्रमौळी रेल्वेत तारबाबू होता. दिसायला काटक आणि चेहऱ्यानं गंभीर. भवानीनं नारळ लोटला तेव्हा मी तिच्या अंगावर होते. त्यानं नारळ अडवला, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ न हलवता म्हणाला, "तुमची ही बाही रुसली आहे. तिची समजूत मी काढायची कीं तुम्ही?"

भवानी खुदकन हसली. एका म्हाताऱ्या काकूनं तिला चिमटा काढला. नवऱ्यानं तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, मित्रांनो, आणि ते माझ्याविषयी होतं.

मग आम्ही सुंदरपेरुमाळ कोयिल स्टेशनाच्या मागच्या घरात राहायला गेलो. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला भातशेती. मार्गळीच्या, म्हणजे मार्गशीर्षाच्या, गार दिवसांत भवानी मला घालायची. संध्याकाळची गाडी गेली की चंद्रमौळी घरी येई आणि माझ्या डाव्या बाहीवरून खांद्यापासून मनगटापर्यंत तळहात फिरवी, रडक्या मुलाला समजवावं तसा. लव खाली झुके आणि बाही क्षणभर दुसरीसारखीच उजळे.

"बघ, हसली," तो म्हणायचा.

तिसऱ्या वर्षी तापाची साथ आली आणि चंद्रमौळी गेला.

भवानी माहेरी परतली. विधवेनं रंगीत मखमल घालायची नाही, अशी तेव्हाची रीत होती. तिनं मला वाळ्याच्या मुळ्यांत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलं. पेटीत माझी वर्षं गेली. अधूनमधून ऊन दाखवायला ती मला बाहेर काढी. इकडेतिकडे पाहून डाव्या बाहीवरून एकदा हात फिरवी आणि पुन्हा घडी घाली. तोंडानं काही म्हणत नसे.

बाहेर साहेब गेले, आणि पंचावन्न-छप्पन सालच्या सुमारास कुंभकोणमच्या दुकानांत नायलॉन आलं. त्याबरोबर एव्हरसिल्वरही आलं, म्हणजे तुम्ही ज्यांना स्टीलची भांडी म्हणता ती. भांडीवाली शिवकामी डोक्यावर पाटी घेऊन ओरडत यायची आणि जुन्या जरीच्या बदल्यात भांडी देऊन जायची. ती जरी भट्टीत जाते, हे आम्हा पेटीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

भवानीच्या धाकट्या भावाची बायको विजयलक्ष्मी. मनानं वाईट नव्हती, पण एव्हरसिल्वरपुढे तिचं काही चालत नसे. एकदा तिनं पेटी उघडून मला शिवकामीपुढे धरलं. "ह्या पट्टीचें काय देशील गे?"

"कॉफीचा फिल्टर घ्या, अम्मा. आरसाच जणू! तुमचं तोंड दिसेल त्यात."

"अक्का, काय म्हणतां?" विजयलक्ष्मीनं नणंदेला विचारलं.

भवानी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दे कीं. कसर लागली आहे तिला. हात लावलास, आतां तुझ्या कांचीपुरम साडीला लागेल."

विजयलक्ष्मीनं मला निखाऱ्यासारखं खाली टाकलं. मला कसरबिसर काही लागली नव्हती. भवानीला खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

खाली पडलेल्या मला उचललं ते पंकजानं. ही विजयलक्ष्मीची मुलगी, मुलींच्या शाळेत लहान वर्गाची शिक्षिका. हिचं सगळंच वेगळं. मैत्रिणी नायलॉनसाठी हट्ट करीत, तर ही आजोबांची पक्ष्याच्या तोंडाच्या मुठीची छत्री घेऊन हिंडे, पणजीचा कंगवा केसांत खोवी आणि ग्रामोफोनच्या कर्ण्यात सुकलेला मोगरा ठेवी. जुन्या वस्तू तिला कपाटात बघायच्या नसत, रोज वापरायच्या असत.

"आत्या, ही मी घालूं?"

"घाल," भवानी म्हणाली. इतकंच. पण ती तांदळातले खडे पुन्हा तांदळातच टाकत होती.

आणि मित्रांनो, मला दुसरं आयुष्य मिळालं! साध्या सुती साडीवर पंकजा मला घालून शाळेत जायची. उकडायचं. ती घामाघूम व्हायची, मीही व्हायचे, पण दोघी मजेत असायचो. शाळेतल्या पोरी तिला 'पाट्टी टीचर' म्हणू लागल्या. पाट्टी म्हणजे आजी. पंकजा म्हणे, "पाट्टी तर पाट्टी. चला, पाट्टीला पाढे म्हणून दाखवा." कोपऱ्यावरचा फुलवाला तिला मोगऱ्याचा गजरा जास्तीचा द्यायचा, त्याची आई असलंच जाकेट घालायची म्हणे. शाळेतून आल्यावर पंकजा मला दोरीवर वाळत घाली. भवानी येताजाता माझ्याकडे पाही. तिच्या चेहऱ्यावरचं समाधान मला कळत होतं. पंकजाला कळत नव्हतं, कारण तिला काही सांगितलंच नव्हतं कुणी.

मग गोविंदपुरमच्या उत्सवाचे दिवस जवळ आले. तिथं विठ्ठल-रखुमाईपुढे भजन असतं, आणि यंदा पंकजा बायकांच्या भजनात पुढं बसून गाणार होती. तालमीला शेजारची महालक्ष्मी आली होती. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "का गे पंकजा, एक बाही धुवायची राहिली कीं काय?"

सगळ्या हसल्या. पंकजाही हसली, पण तिचे कान लाल झाले. कुणी जुनी म्हटलं तर तिला चाले. मळकी म्हटलं ते मात्र लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला पिशवीत घातलं. "आत्या, मी रंगाशिंप्याकडे जाऊलाले. ही डावी बाही नीट करून आणतें. तुझ्या चोळीला कुणी नांव ठेवलेलं मला नको."

भवानीचा हात सुपावर थांबला. मला वाटलं, आता बोलेल. पण पोरीनं मायेनंच केलेला बेत, आणि विधवेनं 'माझी चोळी, माझी बाही' कुठल्या तोंडानं म्हणायचं?

"बरं," ती म्हणाली.

पिशवीच्या तोंडातून मला ती शेवटची दिसली तेव्हा ती सूप पाखडत होती. सुपात काही नव्हतं.

रंगा हा कृष्णरावाचा मुलगा. दुकान तेच, मशीनही तेच. त्यानं मला उजेडात धरलं आणि जीभ चावली. "आमच्या अप्पांचा हात. मरेपर्यंत ह्या चोळीचं नांव काढायचे." मग त्यानं तोड सांगितली. दोन्ही बाह्या कोपराच्या वर कापायच्या. उरलेल्या मखमलीतून डावी बाही सुलट बसवायची. नव्या फॅशनची आखूड बाही होईल, आणि दोन्ही एकसारख्या. "कुणाला कळणारसुद्धा नाही," रंगा म्हणाला.

पंकजा क्षणभर घुटमळली. लांब बाह्या तिला फार आवडत. मग महालक्ष्मीचं हसणं आठवलं असावं. "करा," ती म्हणाली.

रंगानं डाव्या खांद्याची शिवण उसवली. बाही मोकळी झाली. त्यानं तिच्यावर खडूनं रेघ ओढली आणि मोठी कात्री उचलली. मित्रांनो, मी शिवले गेले तेव्हासुद्धा इतकी घाबरले नव्हते.

"थांब रे, रंगा."

दारात भवानी उभी होती. भर दुपारी, उन्हात, पक्ष्याच्या तोंडाची छत्री घेऊन. पहाटेची नदी आणि भजन सोडून जी कुठं जात नसे, ती गल्लीभर चालत शिंप्याच्या दुकानी आली होती. तिच्यामागे धापा टाकत विजयलक्ष्मी. "अक्का, काय हें! मी विचारतें तर म्हणतात शिंप्याकडें! ह्यांना काय शिवायचें आतां?"

भवानीनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिनं फळीवरची माझी सुटी बाही उचलून छातीशी धरली.

"आत्या, खराब झाली आहे ती," पंकजा म्हणाली. "काळी दिसते."

"काळी नाहीं. रुसली आहे."

"म्हणजे?"

भवानीनं रंगाकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं. तिला लाज वाटत होती. इतक्या वर्षांत ते शब्द तिनं उच्चारले नव्हते. मग ती खाली बघत म्हणाली, "नलंगूला यांनी विचारलें होतें. ही बाही रुसली आहे, समजूत मी काढायची कीं तुम्ही, म्हणून. मला म्हणाले तें पहिलें तेंच." आणि तिनं बाहीवर तळहात फिरवला, वरून खाली. "असें केलें कीं म्हणायचे, बघ, हसली."

उन्हाच्या कवडशात बाही उजळली. रंगानं कात्री हळूच खाली ठेवली. विजयलक्ष्मीनं पदरानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिली.

"पण मला आधी का नाहीं सांगितलंस?" पंकजाचा आवाज चिरकला.

"तूं विचारलंस कुठें?"

रंगानं सुई ओवली आणि बाही होती तशीच, उलटीच, हातानं परत बसवली. खडूची रेघ झटकून टाकली. विजयलक्ष्मी म्हणाली, "मेल्या, टाका घट्ट घाल. गोविंदपुरमला जायची आहे ती."

उत्सवाला आम्ही घोड्याच्या जटक्यातून गेलो. पंकजानं मला घातलं होतं. महालक्ष्मीनं पाहिलंच. "अजून नाहीं धुतलीस?"

"रुसली आहे ती," पंकजा म्हणाली. "आमच्या घरची आहे. तिला कुणी काही बोलायचें नाहीं."

आता मी पुन्हा पेटीत आहे, पण पेटीला कुलूप नसतं. जरी काळवंडली आहे, एक बटण दुसऱ्या रंगाचं आहे. तुम्हाला एवढंच सांगते, मित्रांनो. घरातली जुनी वस्तू खुशाल वापरा. ती अंगावर घाला, तिला घाम लागू द्या, फाटली तर शिवा. पण तिच्यात काही वाकडं दिसलं, तर कात्री लावण्याआधी घरात एकदा विचारा. ते वाकडं कुणीतरी जपलेलं असू शकतं.

त्या दिवशी गोविंदपुरमला टाळ वाजू लागले. पंकजा पुढं बसून गात होती. तिच्या डाव्या हाताला भवानी होती. दुसऱ्या अभंगात माझ्या खांद्यावर एक तळहात आला आणि सावकाश मनगटापर्यंत उतरला, सगळ्यांदेखत.

गाता गाता पंकजा आत्याच्या कानाशी झुकली. "हसली का, आत्या?"

"गप," भवानी म्हणाली. "ताल चुकेल."

पण हात तिनं तिथंच ठेवला.